रिफॅक्टरिंग म्हणजे काय? चालू वेबसाइटच्या कोडची डागडुजी का करावी लागते?

समजा, तुमच्या ओळखीतल्या एका काकूंचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. भाच्याने त्यांना एक छोटी वेबसाइट करून दिली आहे. चकली, चिवडा, अनारसे निवडायचे, पत्ता टाकायचा, पैसे भरायचे, संपलं. तीन दिवाळ्या साइट छान चालली. यंदा काकू म्हणाल्या, घरपोच द्यायचे ६० रुपये वेगळे लाव. भाच्याने रात्री बसून ते लावले. दुसऱ्या दिवशी एका ग्राहकाचा फोन आला, "अहो काकू, सहाशे रुपयांच्या चकल्यांचे साठ हजार साठ कसे काय झाले?"

गंमत पुढेच आहे. फराळ हातात पडल्यावर रोख पैसे देणाऱ्यांना बिल बरोबर ६६० रुपये दिसत होतं. ऑनलाइन पैसे भरणाऱ्यांनाच ६०,०६०. एकच साइट, एकच चकली, बिलं दोन.

ही गोष्ट काल्पनिक आहे, पण त्यातली चूक जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. आणि ती का होते हे समजून घेताना आपण थेट आजच्या विषयावर येतो.

नेमकं काय बिघडलं?

वेबपेजवरच्या फॉर्ममध्ये तुम्ही काहीही टाइप केलं, तरी जावास्क्रिप्टला ते आधी मजकूर म्हणूनच मिळतं. ६० हा आकडा तिच्या दृष्टीने '६' आणि '०' या दोन अक्षरांचा शब्द असतो. आणि अधिकचं चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये दोन कामं करतं. दोन्हीकडे आकडे असतील तर बेरीज, पण एका बाजूला जरी मजकूर असला तरी सरळ चिकटवाचिकटवी. म्हणून ६०० अधिक '६०' याचं उत्तर ६६० न येता ६००६० येतं. कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली जात नाही. ब्राउझरच्या मते सगळं सुरळीत आहे.

हे टाळणं सोपं आहे. बेरजेआधी मजकुराचं आकड्यात रूपांतर करायचं, एवढंच. भाच्याने ते केलंही होतं, पण एकाच ठिकाणी. कारण त्याच्या कोडमध्ये बिलाचा हिशेब दोनदा लिहिलेला होता. एकदा रोखीच्या ऑर्डरसाठी, आणि मग तोच भाग कॉपी करून ऑनलाइन ऑर्डरसाठी. दोन्ही जागा एकाच फंक्शनमध्ये, एकमेकींपासून सव्वादोनशे ओळी दूर. वरची जागा दुरुस्त करताना खालची स्क्रीनवर दिसतच नव्हती.

त्या फंक्शनची एकूण लांबी चारशे ओळी. खरा आजार तो आहे, साठ हजार साठ हे फक्त लक्षण.

फंक्शन इतकं लांब होतं कसं?

फंक्शन म्हणजे कोडचा असा तुकडा, ज्याला एक नाव दिलेलं असतं आणि नाव घेतलं की तो आपलं काम करतो. 'एकूण रक्कम काढ' म्हटलं की रक्कम काढून देतो. मिक्सरचं बटण दाबल्यासारखं.

पहिल्याच दिवशी बसून चारशे ओळींचं फंक्शन कुणीच लिहीत नाही. सुरुवातीला ते तीस ओळींचंच असतं. मग कुणीतरी सांगतं, कूपन हवं. एक 'जर' वाढतो. मग पुण्याबाहेर कुरिअरचा दर वेगळा. आणखी एक 'जर'. मग मोबाइल नंबर दहा आकडी आहे का ते तपास. मग जुन्या ग्राहकांना सूट. जुन्या वाड्यात प्रत्येक नव्या भाडेकरूने आपली वायर त्याच मीटरमधून ओढावी, तसं. प्रत्येक वायर त्या वेळी गरजेचीच होती. दहा वर्षांनी मात्र कुठली वायर कुणाच्या खोलीत जाते हे घरमालकालाही सांगता येत नाही.

वेबच्या जगात हे जास्त घडतं, कारण इथल्या भाषा मुळात छोट्या कामांसाठीच जन्मल्या. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती दहा दिवसांत उभी केली होती. रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी सुरू झाली ती त्यांच्या वैयक्तिक वेबपेजसाठी केलेल्या अवजारांतून. त्या भाषांवर पुढे बँका आणि बाजारपेठा चालतील असा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. जुन्या पीएचपी साइट्समध्ये आजही एकाच फाइलमध्ये वर डेटाबेसशी बोलणं, मध्ये हिशेब आणि खाली पानाची मांडणी असा सगळा मसालेभात सापडतो.

मग रिफॅक्टरिंग म्हणजे काय?

प्रोग्राम बाहेरून जसा वागतो तसाच वागू द्यायचा, पण आतली रचना सुधारायची, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. व्याख्येचा पहिला अर्धा भाग महत्त्वाचा आहे. नवीन सोय टाकली तर ते रिफॅक्टरिंग नाही. चूक दुरुस्त केली तरी नाही. ग्राहकाला काडीचाही फरक जाणवू नये, पण उद्या कोड वाचणाऱ्याला जाणवावा.

विल्यम ओपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात याच विषयावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. सर्वसामान्य प्रोग्रामरपर्यंत हा शब्द पोहोचला तो मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या 'रिफॅक्टरिंग' या पुस्तकामुळे. २०१८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तोवर जग किती बदललं होतं बघा. पहिल्या आवृत्तीतली उदाहरणं जावामध्ये होती, दुसरीतली जावास्क्रिप्टमध्ये. पहिल्या प्रकरणातलं व्हिडिओ कॅसेटचं दुकान जाऊन तिथे नाटक कंपनीचं बिल आलं. दोन्हीकडे सुरुवात मात्र सारखीच, बिल छापणारं एक लांबलचक फंक्शन आणि त्याचे हळूहळू केलेले तुकडे.

या पुस्तकात 'कोडचा वास' अशी एक कल्पना आहे, जी फाउलर यांचे सहकारी केंट बेक यांची. डबा उघडल्यावर भाजी आंबली आहे हे जसं आधी नाकाला कळतं, तसं काही कोड बघताक्षणी खटकतो. तो बंद पडलेला नसतो, पण लवकरच पडेल असं वाटतं. लांब फंक्शन हा या वासांमधला एक जुना आणि ओळखीचा वास.

किती ओळी म्हणजे फार?

यावर एकमत नाही. लिनक्स कर्नलच्या नियमावलीत फंक्शन एक-दोन स्क्रीनमध्ये मावावं असं म्हटलंय आणि तिथे स्क्रीन म्हणजे जुनी २४ ओळींची. जावास्क्रिप्टचा कोड तपासणाऱ्या ईएसलिंट या लोकप्रिय साधनात फंक्शनच्या लांबीचा नियम सुरू केला, की मर्यादा आपोआप ५० ओळींची असते. एकात एक 'जर' घालण्याची मर्यादा चार पातळ्यांची.

मला स्वतःला ओळी मोजण्यापेक्षा वाटा मोजणं जास्त पटतं. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये यासाठी एक मोजमाप सुचवलं. मोजणी एकपासून सुरू करायची आणि प्रत्येक 'जर' किंवा फेरीमागे एक वाढवायचा. दहाच्या वर गेलं की सावध व्हायचं. दहा का? एकापाठोपाठ एक असे दहा स्वतंत्र 'जर' असतील, तर त्या फंक्शनमधून जाण्याच्या शक्य वाटा होतात १,०२४. एवढ्या वाटा कुणी हाताने तपासून बघत नाही. फराळाच्या साइटवर कूपन, शहर, पैसे भरण्याची पद्धत, जुना ग्राहक, मोफत डिलिव्हरी असं मोजत गेलात तर दहा 'जर' सहज होतात.

सुरुवात कुठून करायची?

कोडला हात न लावता. आधी आजचं फंक्शन नेमकं काय करतं ते लिहून काढायचं. पंधरा-वीस नमुना ऑर्डर घ्यायच्या. साधी, कूपनवाली, रिकामा पत्ता असलेली, शून्य चकल्यांची. प्रत्येकीचं आत्ता जे उत्तर येतं ते नोंदवायचं. चुकीचं येत असेल तर चुकीचंच नोंदवायचं. नंतर प्रत्येक बदलानंतर संगणकाकडून ही यादी पुन्हा तपासून घ्यायची. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात 'लेगसी कोड' या शब्दाची व्याख्याच अशी केली आहे की ज्या कोडला चाचण्या नाहीत तो लेगसी. म्हणजे कालच लिहिलेला कोडही जुनाट असू शकतो.

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. पुढचे सगळे अपघात इथून सुरू होतात.

मग तुकडे पाडायचे. लांब फंक्शनमध्ये बऱ्याचदा लिहिणाऱ्यानेच खुणा करून ठेवलेल्या असतात. 'इथून पुढे कुरिअरचा हिशेब' अशी टिप्पणी दिसली, की तो भाग उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये न्यायचा आणि त्या टिप्पणीलाच फंक्शनचं नाव करायचं. व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये ओळी निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबलं की हे काम एडिटरच करून देतो. नाव बदलायचं तर एफ-२, म्हणजे ते नाव जिथे जिथे वापरलंय तिथे एकदम बदलतं.

काकूंच्या साइटचं मुख्य फंक्शन शेवटी साधारण असं दिसेल:

ऑर्डर घ्या:
    फॉर्म तपासा, चूक असेल तर इथेच थांबा
    एकूण रक्कम काढा
    पैसे घ्या, मिळाले नाहीत तर इथेच थांबा
    ऑर्डर नोंदवा
    ग्राहकाला कळवा

चारशे ओळींच्या जागी सहा. बाकीच्या ओळी नाहीशा झालेल्या नाहीत, त्या आपापल्या खोल्यांत गेल्या आहेत. पण रक्कम चुकली तर आता एकाच खोलीत शोधायचं. रोख असो की ऑनलाइन, हिशेब तिथेच होतो, त्यामुळे दोन बिलं निघायची सोयच उरली नाही. जाता जाता एक गंमत, जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव खरोखर देवनागरीत ठेवता येतं. ऑफिसात कुणी ठेवत नाही, ती गोष्ट वेगळी.

वरच्या यादीतलं 'इथेच थांबा' नीट बघा. नवखे लोक उलट लिहितात. फोन नंबर बरोबर असेल तर, आत पत्ता बरोबर असेल तर, आत माल शिल्लक असेल तर, असं आत आत शिरत जातात आणि खरं काम पाचव्या पातळीवर होतं. त्याऐवजी सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं करायचं. ज्याला आत येऊ द्यायचं नाही त्याला दारातूनच परत पाठवायचं. उरलेला कोड सरळ एका रेषेत येतो.

दुसरी गोष्ट, हिशेब करणारा भाग आणि पानावर काहीतरी दाखवणारा किंवा सर्व्हरला काहीतरी पाठवणारा भाग एकत्र ठेवायचा नाही. निव्वळ हिशेब करणारं फंक्शन तपासायला ब्राउझर उघडावा लागत नाही, ऑर्डर द्यावी लागत नाही. आकडे द्या, उत्तर बघा. तुकडे पाडण्याच्या फायद्यांमध्ये माझ्या मते हा सगळ्यात मोठा आहे आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

यात धोका काय?

आहे, आणि वेबवर तो जरा फसवा आहे. पैसे जमा झाले का हे सर्व्हरला विचारायला वेळ लागतो. म्हणून जावास्क्रिप्ट अशा वेळी लगेच उत्तर न देता एक 'प्रॉमिस' हातात ठेवते, म्हणजे उत्तर नंतर देईन असं वचन. उत्तर येईपर्यंत थांबायचं असेल तर 'अवेट' हा शब्द लिहावा लागतो. समजा तुकडे पाडताना 'पैसे जमा झाले का' हा भाग तुम्ही वेगळ्या फंक्शनमध्ये नेला आणि त्याला हाक मारताना अवेट लिहायचं विसरलात. आता 'जर पैसे जमा झाले तर' या अटीच्या हातात खरं उत्तर नाही, नुसतं वचन आहे. आणि जावास्क्रिप्टच्या हिशेबात वचन नेहमी 'हो' धरलं जातं. पैसे येवोत न येवोत, प्रत्येक ऑर्डर पक्की. काकू रात्रभर चकल्या पाडणार आणि खात्यात काहीच नाही. म्हणून ती नमुना ऑर्डरची यादी हवी, आणि तिच्यात 'पैसे फसले' अशीही एक ऑर्डर हवी.

कोडचा तुकडा हलवून चाचणी न घेण्याची किंमत किती मोठी असू शकते याचं एक उदाहरण वेबच्या बाहेरचं आहे, पण सांगायलाच हवं. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर सौदे करणारी मोठी कंपनी. तिच्या प्रणालीत 'पॉवर पेग' नावाचा एक जुना भाग होता, ज्याचा वापर २००३ मध्ये थांबला. कोड मात्र तिथेच राहिला. किती शेअर घेऊन झाले याचा हिशेब ठेवणारा तुकडा २००५ मध्ये दुसऱ्या जागी हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का हे कुणी तपासलं नाही, वापरात नसलेली गोष्ट कोण तपासणार? २०१२ मध्ये नवा कोड आला आणि त्याने पॉवर पेग चालू करणारा जुनाच इशारा वेगळ्या कामासाठी वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. मागणी पूर्ण झाली हे त्याला कळतच नव्हतं, म्हणून तो ऑर्डरी पाठवतच राहिला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये वर १.२ कोटी डॉलरचा दंड केला, आणि हे सगळे तपशील त्याच्याच आदेशात आहेत.

यातून 'चालतंय ना, मग हात लावू नका' असा अर्थ काही जण काढतात. मला तो अर्धवट वाटतो. तिथे तुकडा हलवणं जितकं महागात पडलं, तितकंच मेलेला कोड नऊ वर्षं न काढणंही पडलं. वापरात नसलेली फंक्शन्स पुसून टाकणं हीसुद्धा डागडुजीच आहे.

सगळं पुसून नव्याने लिहिलं तर?

हा मोह प्रत्येक प्रोग्रामरला होतो. जावास्क्रिप्ट जिथे जन्मली त्या नेटस्केपलाही झाला होता. १९९७ मध्ये त्यांच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती आली. त्यानंतर जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायचं ठरलं. पाचवी आवृत्ती आलीच नाही, थेट सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार खिशात घातला होता. जोएल स्पोल्स्की यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात याला सर्वात वाईट व्यूहात्मक चूक म्हटलं. पुढे त्याच नव्या कोडमधून फायरफॉक्स घडला हेही खरं, पण नेटस्केपला त्याचा काही उपयोग झाला नाही.

जुन्या कोडमधल्या विचित्र ओळी बऱ्याचदा कुणीतरी खाल्लेल्या ठेचा असतात. अमुक फोनवर बटण दाबलं जात नव्हतं, तमुक बँक दोनदा उत्तर पाठवायची. पाटी कोरी केली की त्या सगळ्या ठेचा पुन्हा खाव्या लागतात.

आणि फारच तुकडे झाले तर?

तेही होतं. रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ च्या 'क्लीन कोड' या पुस्तकाने फंक्शन्स अगदी लहान, शक्य तेवढी लहान ठेवा असं शिकवलं आणि एक पिढी तेच गिरवत मोठी झाली. याला विरोधही झाला. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट यांचं म्हणणं असं की नुसती लांबी ही काही फंक्शन मोडण्याचं पुरेसं कारण नाही. तीन-तीन ओळींची शंभर फंक्शन्स झाली, तर एक गोष्ट समजायला वाचणाऱ्याला वीस ठिकाणी उड्या माराव्या लागतात. सरकारी कार्यालयात एका दाखल्यासाठी सात टेबलं फिरावं लागतं, तसं काहीसं.

मला वापरायला सोपी वाटलेली कसोटी नावाची आहे. तुकड्याला साधं, नेमकं नाव सुचत असेल तर तो वेगळा करावा. 'भाग दोन' किंवा 'उरलेलं काम' यापलीकडे नाव सुचत नसेल, तर तो तुकडा चुकीच्या जागी कापला जातोय. पंधरा गोष्टी हातात दिल्याशिवाय त्याचं काम होत नसेल, तरीही तेच.

एआयला सांगितलं तर करून देईल ना?

देईल. एआय चॅटबॉट चारशे ओळींच्या फंक्शनचे दहा तुकडे मिनिटभरात करून देतो, आणि नावंही बरी देतो. पण ते देताना एखादी अट गळली, किंवा 'चूक दिसली म्हणून सुधारली' असं त्याने परस्पर केलं, तर ते त्या गुळगुळीत कोडमध्ये दिसत नाही. केंट बेक यांनी दोन टोप्यांची उपमा दिली आहे. एका वेळी एकच टोपी घालायची, रचना बदलायची तरी किंवा वर्तन बदलायचं तरी. माणसासाठी सांगितलेला हा नियम मशिनसाठी जास्त कडक लावायला हवा. काकूंच्या साइटवर आधी ६०,०६० ची ती एक ओळ दुरुस्त करायची, साइटवर टाकायची, आणि तुकडे पाडायचं काम दिवाळी झाल्यावर काढायचं. ऐन सणात तर नाहीच. आणि साइट पुढच्या वर्षी बंदच होणार असेल, तर त्या कोडवर शनिवार-रविवार घालवण्यात काहीच अर्थ नाही.

काम काढलंच तर प्रत्येक तुकडा वेगळा काढला की तिथेच गिटमध्ये नोंद करायची, दहा तुकडे एकत्र नाही. गिटमध्ये 'बायसेक्ट' नावाची आज्ञा आहे. बिघाड नेमक्या कुठल्या नोंदीत शिरला हे ती निम्मं-निम्मं करत शोधते. हजार नोंदी असल्या तरी साधारण दहा वेळा तपासलं की दोषी नोंद हाती लागते. ती नोंद पाच ओळींची असेल तर चूक चहा निवायच्या आत सापडते. सातशे ओळींची असेल तर ती सगळी नोंद ओळीने वाचत बसावं लागतं.